एकाच संगणकात दोन ग्राफिक्स कार्डे : जुन्या १०७० ला जोडीदार घ्यावा का?

पंचगंगेकाठी

नमस्कार मंडळी. माझ्या मुलाकडे २०१९ च्या अखेरीस जुळवलेला गेमिंगचा संगणक आहे. त्यात रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी ४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) आणि तेव्हा सेकंडहँड घेतलेले जीटीएक्स १०७० हे ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आहे. बारावीचा निकाल लागल्यावर त्याच्या मामाने त्याला २५६० बाय १४४० चा मॉनिटर भेट दिला आणि तिथूनच अडचण सुरू झाली. जुन्या १०८० पी मॉनिटरवर ज्या खेळात सेकंदाला साठच्या आसपास फ्रेम (पडद्यावर उमटणारी चित्रे) मिळत असत, त्याच खेळात आता ३५ ते ४० मिळतात.

आमच्या गल्लीतील एक गृहस्थ अगदी असेच १०७० कार्ड नव्या कार्डाच्या चौथाईहूनही कमी किमतीत विकत आहेत आणि दोन कार्डे जोडण्याचा ब्रिजही सोबत देत आहेत. मुलाचे म्हणणे असे की दोन कार्डे लावली की वेग दुप्पट होईल आणि मेमरी १६ जीबी होईल. मी स्वतः विद्युत विभागात नोकरी केली असल्यामुळे वॅटचा हिशेब मला समजतो, पण ग्राफिक्स कार्डे आपसात काम कसे वाटून घेतात हे समजत नाही. पैसे थोडेच जाणार आहेत, तरी घेण्याआधी नीट समजून घ्यावे म्हणून हा धागा काढला आहे.

उत्तररात्र

काका, आधी तुमच्या मदरबोर्डापुरते उत्तर देतो, कारण तिथेच बराचसा प्रश्न संपतो. दोन कार्डांनी मिळून एकच खेळ रंगवण्याच्या एनव्हिडियाच्या एसएलआय पद्धतीला दोन्ही कार्डांसाठी किमान आठ-आठ पीसीआय एक्सप्रेस लेन (कार्डाकडे माहिती नेणाऱ्या वाटा) लागतात आणि मदरबोर्डाला एसएलआयची मान्यता असावी लागते. तुमच्या प्रोसेसरकडून ग्राफिक्ससाठी १६ लेन येतात. त्या आठ-आठ अशा विभागण्याची सोय एएमडीने एक्स ३७० आणि एक्स ४७० या वरच्या चिपसेटांना दिली होती, बी ४५० ला नाही. तुमच्या बोर्डावर दुसरा लांब स्लॉट असला तरी बहुधा तो चिपसेटकडून येणाऱ्या चार लेनवर चालतो. दुसरे कार्ड त्यात बसेल, विंडोजला दिसेलही, पण ड्रायव्हरमध्ये एसएलआय सुरू करण्याचा पर्याय येणार नाही. ब्रिज लावला तरी परिस्थिती तीच राहील.

आता मेमरीविषयी. एसएलआयमध्ये आठ अधिक आठ म्हणजे सोळा होत नाही, आठच राहते. दोन्ही कार्डांना तेच दृश्य रंगवायचे असल्यामुळे तीच टेक्स्चर्स (वस्तूंवर चढवायची चित्रे) आणि तीच भूमिती दोघांच्याही मेमरीत स्वतंत्रपणे ठेवावी लागते. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती दोन मुलांना दिल्या म्हणून घरातली पुस्तके वाढत नाहीत, तसेच हे आहे.

वेगाचा प्रश्न अधिक खोल आहे. दोन कार्डांत काम वाटण्याची कल्पना पुष्कळ जुनी आहे. १९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू २ या दोन कार्डांना कॅबिनेटच्या आत एका पट्टीदार केबलने जोडता येत असे, आणि त्या सोयीचे नावही एसएलआयच होते. पडद्यावरील एक आडवी रेघ पहिले कार्ड काढी आणि पुढची दुसरे काढी. त्या काळात एका कार्डावर ८०० बाय ६०० पर्यंतच जाता येत असे, जोडीने १०२४ बाय ७६८ मिळत असे. पुढे त्या कंपनीची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली आणि २००४ साली जीफोर्स ६ मालिकेसोबत एसएलआय ही अक्षरे परत आली, मात्र त्यांचा विस्तार आणि काम करण्याची रीत दोन्ही बदललेली होती. एटीआयने, म्हणजे पुढे एएमडीने घेतलेल्या कंपनीने, २००५ साली क्रॉसफायर ही तशीच सोय आणली.

या नव्या पिढीत रेघा वाटण्याऐवजी मुख्यतः फ्रेम वाटल्या जाऊ लागल्या. पहिली, तिसरी, पाचवी फ्रेम एका कार्डाने रंगवायची आणि दुसरी, चौथी, सहावी दुसऱ्याने. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असेल, तिला आपल्या आधीच्या फ्रेमची गरज नसेल, तर ही वाटणी उत्तम चालते. २००४ च्या सुमाराचे खेळ बहुतांशी तसेच होते. पुढे खेळ बदलत गेले. आज कडा गुळगुळीत करण्यासाठी जी टीएए पद्धत जवळपास सर्वत्र वापरतात, ती मागच्या फ्रेममधील रंग आणि प्रत्येक बिंदूच्या हालचालीची दिशा हाताशी घेऊन चालू फ्रेम सुधारते. सावल्या, परावर्तने, प्रकाशाचा हिशेब, यांतही मागच्या फ्रेममधील निकाल पुढे वापरले जातात. आता विचार करा, चौथी फ्रेम रंगवणाऱ्या कार्डाला तिसरी फ्रेम हवी आहे, पण ती दुसऱ्या कार्डाच्या मेमरीत आहे आणि कदाचित अजून पुरी झालेलीही नाही. म्हणजे एकाने दुसऱ्यासाठी थांबायचे, मग ती फ्रेम ब्रिजवरून ओढून आणायची आणि त्यानंतर आपले काम सुरू करायचे. समांतर चालायला हवे ते काम पुन्हा एकापाठोपाठ एक होऊ लागते. अनरिअल इंजिन ४ या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर बांधलेल्या पुष्कळ खेळांत एसएलआय कधीच नीट चालले नाही, त्यामागे हेच मोठे कारण होते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. खेळातील एकच चित्र दोन कार्डांनी मिळून रंगवायचे असेल, तर तो मार्ग आता बंद झाला आहे, आणि तुमच्या बोर्डावर तो कधी उघडलाच नव्हता.

पंचगंगेकाठी

आपण इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. एक शंका राहते. मुलाने मला २०१६ सालची काही परीक्षणे दाखवली. त्यांत दोन १०७० कार्डांनी काही खेळांत एका कार्डापेक्षा सत्तर-ऐंशी टक्के जास्त फ्रेम दिल्याचे आलेख आहेत. ते आलेख खोटे मानावेत का?

जुना खेळाडू

ते आलेख खोटे नाहीत. मी स्वतः २०१६ च्या दिवाळीपासून २०१९ पर्यंत दोन १०७० कार्डे एसएलआयमध्ये चालवली आहेत, त्यामुळे या प्रश्नावर अनुभवाने बोलू शकतो. जीटीए ५ सारख्या खेळात दुसऱ्या कार्डाचा लाभ डोळ्यांना दिसत असे. पण आलेखावर दिसते ती सेकंदाची सरासरी, आणि हाताला जाणवते ते दोन फ्रेममधील अंतर. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे समजायला मला जवळपास वर्ष लागले.

उदाहरण घेऊ. एका कार्डावर सेकंदाला ४० फ्रेम मिळतात, म्हणजे प्रत्येक फ्रेम २५ मिलिसेकंदांनी येते. दुसरे कार्ड लावल्यावर आकडा ८० होतो. ८० फ्रेम समान अंतराने आल्या तर दर १२.५ मिलिसेकंदांनी एक चित्र दिसायला हवे. प्रत्यक्षात अनेकदा असे होई की पहिल्या कार्डाची फ्रेम येई, पाठोपाठ ३ मिलिसेकंदांत दुसऱ्याची येई आणि मग २२ मिलिसेकंद काहीच येत नसे. तीन अधिक बावीस म्हणजे पंचवीस, फ्रेम दोन, सरासरी पुन्हा ८० च. डोळ्याला मात्र त्या जोडीतली एक फ्रेम जवळपास दिसतच नसे आणि चाल ४० सारखीच वाटे. यालाच मायक्रोस्टटर म्हणत. २०११ नंतर काही परीक्षकांनी सरासरी बाजूला ठेवून प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजायला सुरुवात केली, तेव्हा ही गोष्ट उघड्यावर आली. २०१३ साली एनव्हिडियाने पडद्यावर प्रत्यक्ष उमटलेल्या फ्रेम मोजणारे एफकॅट हे साधन परीक्षकांना दिले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एएमडीला क्रॉसफायरसाठी फ्रेममधील अंतर समान करणारा ड्रायव्हर काढावा लागला. त्यानंतर सुधारणा झाली हे मान्य केले पाहिजे, पण दोष समूळ गेला असे मी म्हणणार नाही.

दुसरी बाब म्हणजे माऊस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा विलंब. दोन कार्डे असली तरी प्रत्येक फ्रेम रंगवायला २५ मिलिसेकंदच लागत होते, कारण प्रत्येक फ्रेम एकटे कार्डच रंगवत होते. आकडा ८० चा दिसे, पण हाताला ८० ची चपळाई मिळत नसे.

आता कॅबिनेटच्या आत काय होत असे तेही सांगतो. माझी दोन्ही कार्डे तीन पंख्यांची आणि जाड होती. दोघांमध्ये जेमतेम बोटभर जागा राहत होती. खालच्या कार्डाची गरम हवा वरच्याच्या पंख्यांत जात असे. खालचे ६८ अंशांवर असताना वरचे ८३ वर पोहोचे, आणि १०७० चा ड्रायव्हर ८३ अंशांवर आला की कार्डाचा वेग आपणहून उतरवतो. एसएलआयमध्ये धीम्या कार्डाच्या चालीनेच जोडी चालते. मी एकदा शाळेतल्या पट्टीचा तुकडा कापून दोन कार्डांच्या मागच्या टोकाशी आधार म्हणून उभा केला, कारण वरचे कार्ड वजनाने वाकून ती बोटभर जागाही कमी झाली होती. वरचे कार्ड तेवढ्याने तीन अंश उतरले. ज्यांना जोडी चालवायची असे, त्यांनी गरम हवा मागच्या जाळीतून बाहेर फेकणारी एका पंख्याची कार्डे घ्यावीत असा सल्ला तेव्हा देत. त्यांचा आवाज जास्त होता, पण जोडीसाठी तीच योग्य होती.

शेवटी जोडी मोडली ती उष्णतेमुळे नाही. एसएलआय चालण्यासाठी प्रत्येक खेळाचे प्रोफाईल, म्हणजे त्या खेळापुरत्या सूचना, एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) असावे लागे. नवा खेळ आला की मी प्रोफाईलची वाट पाहत बसे. २०१८ नंतर ही वाट लांबतच गेली. वर्षभरात घेतलेल्या पाच खेळांपैकी एकातच दुसरे कार्ड कामाला लागले, बाकी चारांत ते नुसते फिरत राहिले. तेव्हा मी दुसरे कार्ड विकून टाकले.

वऱ्हाडकर

माझे अकोल्यात संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. इथे आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात असे मला वाटते.

पहिली वीजपुरवठ्याची. एका १०७० ला १५० वॅट लागतात, दोहोंना ३००. प्रोसेसर आणि बाकीचे भाग धरून ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस हे ओझे उचलू शकतो. अडचण येते ती जोडणीत. अशा एसएमपीएसवर ग्राफिक्स कार्डाच्या वायरी मोजक्याच असतात. दुसऱ्या कार्डासाठी वायर नाही म्हणून बाजारात मिळणारे अ‍ॅडाप्टर लावले जातात, आणि त्यांतील साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) प्लगवरून सहा पिनांचा प्लग काढणारे अ‍ॅडाप्टर सर्वांत वाईट. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येक पिन दीड अँपिअरसाठी असते. म्हणजे साडेचार अँपिअर, ५४ वॅट. सहा पिनांच्या प्लगवर कार्ड ७५ वॅट मागू शकते आणि आठ पिनांच्या प्लगवर १५०. गेल्या उन्हाळ्यात एक विद्यार्थी संगणक घेऊन आला, तेव्हा असा प्लग वितळून हार्ड डिस्कच्या वायरीला चिकटला होता. पिवळ्या वायरीचे आवरण तपकिरी पडून ठिसूळ झाले होते आणि नखाने त्याचा चुरा होत होता. कार्ड वाचले, हार्ड डिस्क गेली आणि तिच्यासोबत त्याचा कॉलेजचा प्रकल्पही गेला.

दुसरी गोष्ट यूपीएसची. घरोघरी ६०० व्हीएचा यूपीएस असतो. तो साधारण ३६० वॅटपर्यंत टिकतो. खेळ ऐन भरात असताना दोन कार्डांचा संगणक ४०० वॅटच्या पुढे जातो. वीज गेली की असा यूपीएस पाच मिनिटेही देत नाही, लगेच बंद पडतो, आणि मग ग्राहक यूपीएसला दोष देतो. शिवाय ३०० वॅट म्हणजे खोलीत सतत चालणारा छोटा हीटर आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. कूलर लावलेल्या खोलीतही कॅबिनेटमध्ये जाणारी हवा मुळातच गरम असते. काकांचे कोल्हापूर त्या मानाने सुखी आहे.

सदाफुली

मी पुण्यात वास्तुरचनांची त्रिमितीय चित्रे आणि फेरफटक्यांच्या चित्रफिती करते. या चर्चेतून वाचकांचा असा समज होऊ नये की दोन ग्राफिक्स कार्डे ठेवणेच चुकीचे आहे. माझ्या संगणकात तीन वर्षांपासून दोन आरटीएक्स ३०६० कार्डे आहेत, ब्रिज नाही आणि एसएलआयही नाही, कारण ३०६० ला ती सोयच नाही. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमधील सायकल्स या चित्र रंगवणाऱ्या इंजिनाच्या सेटिंगमध्ये दोन्ही कार्डांपुढे खूण केली की दोन्ही कामाला लागतात आणि एका स्थिर चित्राचा वेळ जवळपास निम्म्यावर येतो. तेथेही संपूर्ण दृश्य दोन्ही कार्डांच्या मेमरीत स्वतंत्रपणे भरावे लागते, म्हणजे १२ जीबीत न मावणारे दृश्य दोन कार्डे असूनही मावत नाही. ही मर्यादा मात्र कायम आहे.

चित्रफीत करताना मी वेगळी रीत वापरते. ब्लेंडर दोनदा उघडते, एकाला पहिले कार्ड देते आणि दुसऱ्याला दुसरे. एक १ ते ७५० फ्रेम करते, दुसरे ७५१ ते १५००. कोणी कोणासाठी थांबत नाही. सकाळी उठल्यावर फोल्डरमध्ये दोन्ही टोकांनी भरत आलेल्या फ्रेम पाहिल्या की फार समाधान वाटते.

उत्तररात्र

सदाफुलीताईंनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. त्यांच्या फ्रेम सकाळपर्यंत केव्हाही तयार झाल्या तरी चालतात आणि कोणत्याही क्रमाने झाल्या तरी चालतात. खेळात पुढची फ्रेम सोळा मिलिसेकंदांत हवी असते आणि ती आधीच्या फ्रेमवर अवलंबून असते. क्रिप्टोकरन्सीच्या मायनिंगमध्ये एका बोर्डावर सहा-सहा कार्डे एकेका लेनच्या रायझरवर (कार्ड बोर्डापासून दूर ठेवणाऱ्या जोडणीवर) टांगून चालत होती, तेही याच कारणाने चालत होती. एका कार्डाला दुसऱ्याशी काही बोलायचेच नव्हते. काका, तुमच्या गल्लीतले कार्ड अशा कामातून आलेले नाही ना, हे अवश्य विचारा.

घरच्या संगणकावर भाषा-मॉडेल चालवणाऱ्यांची गोष्टही अशीच. तिथे मॉडेलचे काही थर एका कार्डावर आणि उरलेले दुसऱ्यावर ठेवतात. दोन कार्डांमध्ये प्रत्येक शब्दामागे थोडीशीच माहिती इकडून तिकडे जाते, म्हणून साधा स्लॉट पुरतो, आणि तिथे मेमरीची बेरीज खरोखर होते. २४ जीबीची दोन ३०९० कार्डे घेणारे लोक आज खेळासाठी घेत नाहीत, ४८ जीबीसाठी घेतात.

खेळांकडे परत येतो. २०१५ नंतर डायरेक्टएक्स १२ ने आणि पाठोपाठ व्हल्कनने, म्हणजे खेळ आणि कार्ड यांच्यातील दुवा असलेल्या सॉफ्टवेअरांनी, खेळ लिहिणाऱ्यांच्या हाती दोन कार्डांचे पूर्ण नियंत्रण दिले. ड्रायव्हरच्या प्रोफाईलची गरज संपली. अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी या खेळात तर एनव्हिडिया आणि एएमडीची कार्डे एकत्र चालवता येत होती. माझ्या मते तांत्रिकदृष्ट्या ही सर्वांत सुंदर सोय होती आणि तिनेच दोन कार्डांच्या प्रथेचा शेवट जवळ आणला. आधी ही मेहनत कार्ड बनवणारी कंपनी करत होती, आता ती खेळ बनवणाऱ्यावर आली. ज्यांच्या घरी दोन कार्डे आहेत असे खेळाडू मूठभर, त्यांच्यासाठी महिनोन्महिने काम कोण करणार? शॅडो ऑफ द टूम रेडरसारख्या थोड्या खेळांनी ते केले, बाकीच्यांनी केले नाही.

कंपन्यांनीही हात आखडता घेतला. एनव्हिडियाच्या १०६० ला ब्रिजचा जोडच नव्हता. २०१८ च्या २०८० आणि २०८० टीआयला अधिक रुंद असा एनव्हीलिंक ब्रिज मिळाला, ३००० मालिकेत तो फक्त ३०९० वर्गाच्या कार्डांना राहिला आणि ४०९० वरून गेला. २०२१ च्या सुरुवातीपासून एनव्हिडियाने जुन्या कार्डांसाठी नवी एसएलआय प्रोफाईल देणे थांबवले. एएमडीच्या २०१९ च्या आरएक्स ५७०० मध्ये क्रॉसफायर नव्हतेच.

रानवाट

वरच्या सर्व प्रतिसादांविषयी आदर राखून थोडी असहमती नोंदवतो. खेळासाठी दोन कार्डांचा मार्ग बंद झाला असे म्हणणे २०२२ पर्यंत बरोबर होते. आता स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात लॉसलेस स्केलिंग नावाचे एक स्वस्त साधन मिळते. ते खेळाच्या दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये अंदाजाने तयार केलेली फ्रेम घालते आणि हे काम दुसऱ्या ग्राफिक्स कार्डाकडे सोपवता येते. पहिले कार्ड फक्त खेळ रंगवते, दुसरे फक्त मधल्या फ्रेम बनवते. मॉनिटरची केबल दुसऱ्या कार्डाला लावायची आणि विंडोज ११ च्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये खेळासाठी पहिले कार्ड निवडायचे. दोन्ही कार्डे एकाच कंपनीची असण्याचीही अट नाही. मी मात्र एएमडीच्याच ६७०० एक्सटीसोबत जुने आरएक्स ५८० असेच वापरतो आणि ६० च्या १२० फ्रेम करतो. एकाच कार्डाकडून दोन्ही कामे करून घेतली तर खऱ्या फ्रेम कमी होतात, दोन कार्डांत तसे होत नाही.

काकांच्या बोर्डाचा हिशेबही मांडून दाखवतो. २५६० बाय १४४० च्या एका फ्रेममध्ये सुमारे ३७ लाख बिंदू, प्रत्येकी चार बाइट धरले तर १४.७ एमबी. सेकंदाला ६० खऱ्या फ्रेम पहिल्या कार्डाकडून दुसऱ्याकडे न्यायच्या तर ८८५ एमबी. बी ४५० चिपसेटच्या लेन पीसीआय एक्सप्रेस २.० च्या आहेत. चार लेन मिळून कागदावर सेकंदाला २००० एमबी होतात. म्हणजे ६० फ्रेम सहज जातात. १२० फ्रेम न्यायच्या म्हटले तर १७७० एमबी होतात आणि स्लॉट जवळपास भरतो. ४के मॉनिटरवर ६० फ्रेमनाच तो भरून जातो.

जुना खेळाडू

रानवाट, तुमचा हिशेब बिनचूक आहे आणि ही रीत मलाही पटते. फक्त मधल्या फ्रेमनी हाताला मिळणारी चपळाई वाढत नाही, उलट पुढची खरी फ्रेम येईपर्यंत थांबावे लागत असल्यामुळे थोडा विलंब वाढतो, एवढे काकांनी ध्यानात ठेवावे. मुळात ३५ फ्रेम मिळत असतील तर त्यांच्या ७० करून पाहण्यापेक्षा आधी ३५ च्या ५५ करणारे एक कार्ड घ्यावे. दुसरे कार्ड त्यानंतर.

आणखी एक सावधगिरी सांगतो. १०७० ज्या पास्कल पिढीतील आहे, तिच्यासाठी एनव्हिडियाचे ५८० ही ड्रायव्हरची अखेरची शाखा आहे. खेळांसाठीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, आता २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. एका विंडोजमध्ये एनव्हिडियाच्या दोन कार्डांसाठी दोन वेगळे ड्रायव्हर ठेवता येत नाहीत. म्हणजे नव्या ३०६० शेजारी १०७० ठेवले, तर नव्या कार्डालाही ५८० शाखेवरच अडकून राहावे लागेल. एएमडी आणि एनव्हिडिया अशी जोडी असेल तर ही अडचण येत नाही. २०२५ साली एनव्हिडियाच्या ५००० मालिकेतून ३२ बिट फिजएक्सचा (खेळातील धूर, कापड, तुकडे यांची हालचाल दाखवण्याच्या सोयीचा) आधार निघाला, तेव्हा बॉर्डरलँड्स २ सारख्या जुन्या खेळांसाठी अनेकांनी कोपऱ्यातली जुनी कार्डे काढून शेजारी बसवली होती. काही निवडक खेळांसाठी तो आधार कंपनीने वर्षअखेरीस परत दिला. अशा जोड्या करतानाही आधी ड्रायव्हरची शाखा पाहणे आवश्यक आहे.

पंचगंगेकाठी

आपण सर्वांनी दिलेल्या वेळेबद्दल ऋणी आहे. काय केले ते कळवतो.

रविवारी मुलाला सोबत घेऊन कॅबिनेट उघडले. दुसरा लांब स्लॉट बॅटरी लावून पाहिला, तर बाहेरून तो पूर्ण लांबीचा दिसत असला तरी आत सोनेरी संपर्कपट्ट्या सुरुवातीच्या भागातच होत्या आणि पुढची सगळी खाच मोकळी होती. चार लेन म्हणजे काय ते मुलाला माझ्या सांगण्याविना कळले. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "बाबा, म्हणजे ब्रिज देणाऱ्यालाही हे ठाऊक नसणार." ते गृहस्थ सज्जन आहेत, त्यांना खरोखर ठाऊक नव्हते. त्यांचे कार्ड एसएलआयची मान्यता असलेल्या बोर्डावरून काढलेले होते.

दुसरे १०७० घेतले नाही. थोडे पैसे घालून १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० घेतले. त्याला १७० वॅट लागतात आणि ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. ज्या खेळात ३८ फ्रेम मिळत होत्या तिथे आता पन्नासच्या वर मिळतात, आणि १०७० वर नसलेली डीएलएसएसची (कमी बिंदूंत रंगवून चित्र मोठे करण्याची) सोय सुरू केल्यावर सत्तरच्या जवळ जातात. मुलगा समाधानी आहे. रानवाट यांनी सांगितलेली रीत मला फार आवडली, पण ड्रायव्हर एका जागी अडकवून ठेवणे मनाला पटले नाही. पुढेमागे एखादे लहान एएमडी कार्ड मिळाले तर प्रयोग अवश्य करीन.

जुने १०७० इचलकरंजीला माझ्या भाचीला देत आहे. तिच्या संगणकात कार्डच नाही आणि ती ब्लेंडर शिकते आहे. पंखे काढून धूळ साफ केली. जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी कोरडी झाली होती, ती पुसून नवी लावली. सदाफुलीताई, त्या कार्डावर ब्लेंडर चालेल ना?

सदाफुली

अवश्य चालेल, काका. प्रेफरन्सेसमधील सिस्टिम या विभागात कुडा निवडून कार्डाच्या नावापुढे खूण करायला तिला सांगा, आणि त्यानंतर प्रत्येक फाईलमध्ये रेंडरच्या सेटिंगमध्ये सायकल्सखाली डिव्हाइस म्हणून जीपीयू निवडायला सांगा. ही दुसरी पायरी नवशिके हमखास विसरतात आणि चित्र तासन् तास प्रोसेसरवरच होत राहते. ८ जीबीत शिकण्यापुरती दृश्ये आरामात मावतील. टेक्स्चर्स ४के ऐवजी २के ठेवायची सवय तिने पहिल्यापासूनच लावून घ्यावी.